चार ते सहा

माझी आत्या तीस वर्षं मुंबईभर एकच विषय घेऊन हिंडली: घर. गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड, ठाणं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, श्रावणातली मंगळागौर, गणपतीत चाळीच्या पटांगणातला मांडव, नवरात्रातला भोंडला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तर जवळजवळ रोज एक व्याख्यान. मानधन म्हणजे नारळ आणि ब्लाऊजपीस, क्वचित पाकिटात अकरा रुपये. वेळ बहुतेक ठरलेली, चार ते सहा. चारच्या आधी बायकांची दुपारची आवराआवर होत नाही आणि सहानंतर नळाला पाणी येतं, माणसं कामावरून परततात.

आम्ही एकाच चाळीत राहायचो, ती दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या. साडेतीनला ती इरकली नेसून खाली उतरायची तेव्हा तिचा धाकटा आमच्या खोलीत आलेला असायचा. मोठा शाळा सुटल्यावर थेट आमच्याकडेच यायचा. माझी आई चार पोरांना पोहे द्यायची, आत्याच्या सासऱ्यांना चहा आणि गोळी नेऊन द्यायची, आणि आत्याला उशीर होणार असेल तर तिच्या घरची कणीकही मळून ठेवायची. आत्याचं भाषण आम्हा पोरांना पाठ होतं. त्यात एक वाक्य हमखास यायचं: बाईनं घर धरून ठेवलं की घर तिला धरून ठेवतं.

हे मी तिचं उणं काढायला सांगत नाही. आत्या जे बोलत होती त्यावर तिचा पूर्ण विश्वास होता आणि तिच्या बोलण्यानं काही संसार खरोखर सावरले. पगाराच्या दिवशी थेट गुत्त्यावर जाणाऱ्या दोघातिघांना तिनं बायकोच्या हातात पाकीट द्यायला लावलं, तेही चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांसमोर. कुणाची सून माहेरी निघून गेली तर ती आधी सासूला चार शब्द सुनवायची, सुनेची बारी नंतर. असली माणसं आज सहज भेटत नाहीत. पण कुटुंबसंस्था वाचवा, संस्कार वाचवा, घर वाचवा असा पुकारा आज पुन्हा सगळीकडून ऐकू येतो, तेव्हा मला आत्याच्या भाषणापेक्षा ते भाषण चालू असतानाचे दोन तास आठवतात. त्या दोन तासांत तिचं घर कोण चालवत होतं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

आत्याला जिचं नावही कधी कळलं नाही अशी एक बाई त्याच काळात अमेरिकेत हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करत होती. फिलिस श्लाफ्ली. जन्म १५ ऑगस्ट १९२४, सेंट लुईस शहरात. मंदीत वडलांची नोकरी गेली तेव्हा घर आईच्या कमाईवर चाललं. आई ग्रंथपाल होती. युद्धकाळात फिलिस दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करायची. बंदुका आणि मशीनगन झाडून काडतुसं तपासायची, आणि दिवसा कॉलेजात जायची. १९४५ साली रॅडक्लिफमधून राज्यशास्त्रात एम.ए. झाली. १९४९ साली तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, चांगली वकिली असलेल्या फ्रेड श्लाफ्लींशी लग्न केलं आणि मिसिसिपी नदीकाठच्या आल्टन या गावी संसार थाटला. सहा मुलं झाली. दोनदा, १९५२ आणि १९७० साली, ती संसदेची निवडणूक लढली आणि हरली. अण्वस्त्रं आणि संरक्षण या विषयांवर तिनं पुस्तकं लिहिली. पन्नाशी ओलांडल्यावर कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं आणि १९७८ साली पदवी घेतली. कुठल्याही आईबापांना अभिमान वाटावा असं हे आयुष्य आहे.

या बाईनं एक घटनादुरुस्ती रोखून दाखवली. कायद्यानं मिळणारे हक्क स्त्री की पुरुष या कारणावरून कुणालाही नाकारता येणार नाहीत, इतकाच त्या दुरुस्तीचा आशय होता. २२ मार्च १९७२ रोजी ती अमेरिकी संसदेत मंजूर झाली. पुढे पन्नासपैकी अडतीस राज्यांची संमती हवी होती आणि वर्षभरात तीस राज्यं होकार देऊन मोकळी झाली होती. त्याच वर्षी श्लाफ्लींनी विरोधी मोहीम उघडली. त्यांच्या कार्यकर्त्या घरी भाजलेला पाव आणि घरी केलेला मुरंबा घेऊन आमदारांच्या दारात उभ्या राहायच्या. आम्ही गृहिणी आहोत, आमचं संरक्षण काढून घेऊ नका, हे त्या पावासोबतचं म्हणणं होतं. गाडी पस्तीस राज्यांवर अडली. मुदत एकदा वाढवून मिळाली, तीही ३० जून १९८२ ला संपली.

ज्या बाईनं जन्मभर प्रवास केला, पुस्तकं लिहिली, निवडणुका लढवल्या, तिनं इतरांना घरी बसायला सांगणं म्हणजे शुद्ध ढोंग, असं म्हणून बरेच लोक हा विषय संपवतात. मला ते पटत नाही. एक तर श्लाफ्लींनी बायकांना डांबून ठेवा असं म्हटलं नव्हतं. मुलांकडे पाहणं हे मोठं काम आहे, ते करणाऱ्या बाईला कमी लेखू नका, हे त्यांचं सांगणं होतं आणि ते खरंच आहे. दुसरं म्हणजे त्यांनी ज्या भीतीला हाक घातली ती भीती खोटी नव्हती. १९६९ साली कॅलिफोर्नियानं दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा केला आणि एकामागून एक राज्यं त्याच वाटेनं निघाली. वीस-पंचवीस वर्षं चूल सांभाळलेली, हातात पदवी नाही, बँकेत स्वतःचं खातं नाही अशी पन्नाशीची बाई तेव्हा हादरली असेल तर तिला मागासलेली म्हणून चालणार नाही. नवऱ्यानं सोडलं तर मी खाऊ काय? तिचा प्रश्न एवढाच होता.

आपल्याकडे या प्रश्नाचं सरकारी उत्तर काय होतं ते आठवून पाहा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ खाली टाकलेल्या बायकोला मिळू शकणारी पोटगी महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये होती. केंद्रानं ही मर्यादा कायद्यातून काढली तेव्हा २००१ साल उजाडलं होतं. नव्वदच्या दशकातल्या मुंबईत ५०० रुपयांत महिना काढायचा, पोरांची फी भरायची आणि वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात तारखांना जायचं. अशा बायका आमच्या चाळीत दोन होत्या. त्यांतली एक आत्याच्या भाषणांना पहिल्या रांगेत बसायची. तिनं घर धरूनच ठेवलं होतं.

माझं भांडण इथे सुरू होतं. घरातल्या बाईला धोका आहे, हे ओळखण्यात या प्रचारक चुकल्या नाहीत. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय मात्र असा की नवरा चांगला निघाला पाहिजे, आणि तो चांगला राहावा म्हणून बाईनं चांगलं वागलं पाहिजे. श्लाफ्लींचं स्वतःचं घर कशावर उभं होतं? बाईच्या उच्चशिक्षणावर, नवऱ्याच्या पैशावर, त्यानं मनापासून दिलेल्या साथीवर आणि घरात कामाला असलेल्या बाईवर. हे चार खांब काढून घेतले असते तर फक्त मूल्यांवर ते घर किती दिवस टिकलं असतं? कुटुंबाच्या प्रचारकाचं आयुष्य मी या हिशेबासाठी वाचते. त्यांच्या भाषणात जे येत नाही ते त्यांच्या दिनक्रमात दिसतं. स्वतःचं घर ज्या गोष्टींनी तरलं त्या सगळ्या बायकांना मिळाव्यात म्हणून त्यांनी त्याच तडफेनं मोहीम काढली असती, तर मी त्यांच्या मागे गेले असते.

श्लाफ्लींच्या घरची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचा मोठा मुलगा समलिंगी असल्याचं १९९२ साली जाहीर झालं. त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं नाही. तो त्यांच्या सोबत आणि त्यांच्याच कामात राहिला. समलिंगी हक्कांना असलेला त्यांचा विरोधही तसाच राहिला. आई म्हणून त्या जशा वागल्या तसं वागायला मनाचा मोठेपणा लागतो. तो मोठेपणा त्यांनी आपल्या उंबरठ्याच्या आत ठेवला, बाहेरच्या हजारो आयांच्या मुलांपर्यंत जाऊ दिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच १९७२ साली मुंबईच्या बायकाही स्वयंपाकघरातली वस्तू घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. दुष्काळ पडला होता, रॉकेल आणि तेल मिळत नव्हतं, साखरेचे भाव चढले होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी महागाईविरोधी समिती काढली. मोर्च्यात हजारो बायका आल्या, हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन. त्यांतल्या बहुसंख्य साध्या गृहिणी होत्या, पहिल्यांदाच मोर्च्याला निघालेल्या. माझी आई त्यांतल्या एका मोर्च्याला गेली होती. घरून निघताना लाटणं पदराखाली धरलं होतं, असं ती सांगते. आत्या गेली नाही. बायकांनी रस्त्यावर ओरडणं तिला रुचलं नाही.

अमेरिकेतला तो पाव आणि आपलं हे लाटणं माझ्या मनात नेहमी शेजारी शेजारी येतात. दोन्हीकडे बाई घराच्या नावानं बोलत होती. पाव घेऊन गेलेली बाई आमदाराला म्हणत होती, आहे ते राहू द्या. लाटणंवाली म्हणत होती, घर चालायला जे लागतं ते द्या. मृणालताई गोरेगावच्या वस्त्यांत नळ यावेत म्हणून महापालिकेशी भांडल्या आणि लोकांनी त्यांचं नाव पाणीवाली बाई ठेवलं. तरुणपणीच वैधव्य आलेली, पदरी लहान मुलगी असलेली ही बाई. कुटुंब या विषयावर तिची व्याख्यानं कुणाला आठवत नसतील. पण नळ दारात आल्यावर ज्या पोरींचे पहाटेचे दोन तास वाचले आणि त्या शाळेत जाऊ शकल्या, त्यांच्या घरात कुटुंबमूल्यं आली ती तिच्यामुळे. गर्भलिंगचाचणीविरुद्धही त्या विधानसभेत झगडल्या. तसा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं, १९८८ साली. मुलगी जन्माला येऊ देणं याहून मूळचं कुटुंबमूल्य कुठलं असतं?

घर बुडेल ही हाकाटी मुंबईला नवी नाही. १८८४ साली याच शहरात दादाजी भिकाजीनं रखमाबाईवर दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी वयात आल्यावर त्याच्याकडे नांदायला जायला तयार नव्हती. न्यायमूर्ती पिनी यांनी १८८५ साली तिच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा हिंदू कुटुंबाचा पायाच उखडला असं लिहिलं गेलं. टिळकांचा ‘केसरी’ही तिच्या विरोधात होता. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये निकाल फिरला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती तुरुंगात जायला तयार झाली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि पुढे सुरत-राजकोटला हजारो बाळंतिणींना तिनं हात दिला. किती घरं तिनं वाचवली याची गणती कुणी केली नाही. तिच्यामुळे बुडालेलं कुटुंब मात्र मला इतिहासात सापडत नाही.

अलीकडचं सांगायचं तर २००५ सालची डान्सबार बंदी. संसार उद्ध्वस्त होतात, तरुण मुलं बिघडतात, असं कारण देऊन सरकारनं बार बंद केले. बारमध्ये पैसे उधळणाऱ्या नवऱ्याची बायको खरोखरच रडत होती, तिचं दुःख मी हलकं मानत नाही. पण नाचणाऱ्या बाईच्या मागेही म्हातारी आई, शाळेतली पोरं, धाकट्या बहिणी होत्या. ते कुटुंब कुणी मोजलंच नाही. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उचलून धरला. मधल्या आठ वर्षांत त्या बायकांच्या घरांचं काय झालं हे विचारायला एकही संस्काररक्षक गेलेला मला दिसला नाही.

आत्याला हे सगळं कळत नव्हतं असं नाही. एकदा कळलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला तिला लालबागच्या एका चाळीत बोलावलं होतं. समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या खानावळी चालवत होत्या, पापड लाटत होत्या, धुणीभांडी करत होत्या. वर्षभर घर त्यांच्याच कमाईवर चाललं होतं. आत्या त्या दिवशी लवकर परतली आणि आमच्याकडे येऊन बसली. आईला म्हणाली, ‘आज ते घर धरून ठेवण्याचं वाक्य माझ्या तोंडून निघालंच नाही गं.’ आईनं चहा ठेवला. पुढच्या आठवड्यात पार्ल्याला ते वाक्य परत आलं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला तिचा राग आला होता. आज वाटतं, त्या एका संध्याकाळी ती एकटी पडली. तिच्या मागे उभी राहून, आता हेच बोल, असं सांगणारं कुणी नव्हतं.

आजची मुंबई पाहा. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होती आणि पुरुष ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीस. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघातात गेलेल्या गृहिणीच्या भरपाईचा निकाल देताना हेच आकडे पुढे ठेवले आणि तिच्या कामाला मोल आहे असं बजावलं. बाईच्या घरकामाची किंमत धरली गेली, पण ती मेल्यावर. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. नवऱ्यानं परदेशी कमावलं, बायकोनं घर राखलं, म्हणून मालमत्तेत तिचाही निम्मा वाटा, असं सांगितलं. कुटुंबासाठी गळा काढणाऱ्यांनी हा निकाल मखरात बसवायला हवा होता. सातबारावर बायकोचं नाव लावा म्हणणारी शरद जोशींची लक्ष्मीमुक्ती त्यांनी फ्लॅटच्या करारापर्यंत आणायला हवी होती. आमच्या सोसायटीत चौसष्ट फ्लॅट आहेत. दारावरच्या पाट्यांवर दोघांचीही नावं असतात, पण शेअर सर्टिफिकेटवर बायकोचं नाव किती ठिकाणी आहे ते मी मागच्या वर्षी सेक्रेटरींकडे बसून मोजलं. एकोणीस.

मग उरतं पाळणाघर. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं? विरारहून ६:१२ ची लोकल पकडणारी नर्स मूल कुठे ठेवते? बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सासू, सून, दोन नातवंडं आणि टीबीतून उठलेला सासरा राहतात. तिथे एकत्र कुटुंबाचा महिमा सांगायचा तर आधी त्यांना निजायला जागा कशी मिळेल ते बोलावं लागेल. आपल्याकडे घरं मोडतात त्यातली किती जागेपायी, किती दारूपायी, किती बेकारीपायी मोडतात हे चाळीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. संस्कार कमी पडले म्हणून मोडलेलं घर ती शेवटी सांगेल.

वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी आत्या पडली आणि तिचा खुबा मोडला. कांदिवलीला मुलाकडे होती. मुलगा-सून दोघं नोकरीला, म्हणून दिवसा सांभाळायला नालासोपाऱ्याहून एक बाई यायची, सकाळी आठ ते रात्री आठ. तिची सात वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर शेजारच्या जावेकडे जेवायची. आत्यानं तिच्याकडून हे सगळं एकेक करून काढून घेतलं: जाऊ काय करते, तिला पोरं किती, तिला तू काय देतेस. ‘तिला काय द्यायचं, घरचीच आहे,’ असं ती बाई म्हणाली. त्यानंतर आत्यानं मुलाशी भांडून तिची सुटी होण्याची वेळ सहाची करून घेतली, पगार तोच ठेवून.

पुढच्या रविवारी मी आईला घेऊन भेटायला गेले होते. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘वहिनी, मी भाषणांना जायचे तेव्हा तुला कधी कुठे जायचं असायचं का गं?’

आई आठवत बसली नाही. म्हणाली, ‘शिवणाचा क्लास होता ठाकूरद्वारला. मंगळवार-शुक्रवार, चार ते सहा.’